स्टेपनी गाडी ठेवावी का? तीन ते दहा गाड्यांच्या मालकांचे नेहमीचे प्रश्न

माझ्याकडे आज पाच गाड्या आहेत. नाशिकला अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा माल भिवंडीच्या गोदामांत टाकायचा आणि हंगामात पिंपळगाव-लासलगावचा कांदा भरायचा, असा धंदा. आधी एक पाचवी गाडी चार वर्षं स्टेपनी, म्हणजे अडीअडचणीची जादा गाडी, म्हणून ठेवली, मग विकून टाकली, एक वर्ष तिच्याशिवाय काढलं आणि पुन्हा एक घेतली. दोन्हीकडचा मार खाल्लेला माणूस म्हणून लोक मला हे प्रश्न विचारतात. खाली कायद्याचे आकडे आहेत ते कायद्याचे. भाड्याचे आणि खर्चाचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तिथे तुमच्या वहीतले घाला.

स्टेपनी गाडी म्हणजे नेमकी कोणती?

फोन आल्यावर दोन तासांत लोडिंगला लागू शकते ती. कागद पूर्ण, टायर धड, बॅटरी चालू, फास्टॅगमध्ये पैसे. शेडमागे उभी आहे, पासिंग (आरटीओचं फिटनेस) संपलंय, दोन टायर काढून दुसऱ्या गाडीला लावलेत, अशा गाडीला बरेच मालक ‘आपली जादा गाडी’ म्हणतात. ते भंगार आहे, फक्त अजून विकलेलं नाही.

माझ्या चार गाड्या आहेत. मला लागेल का?

आधी एक काम करा. गेल्या सहा महिन्यांत माल होता, पण गाडी गेली नाही, असे दिवस लिहून काढा. प्रत्येक दिवसापुढे कारण लिहा: गाडी बिघडली, ड्रायव्हर नव्हता, की कागद अडकला.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा चक्रावलो. मला वाटत होतं जुन्या गाडीचा क्लच आणि कमानपाटे मला बुडवतायत. वहीत पाहिलं तर निम्म्याहून जास्त दिवस ड्रायव्हर गावी गेला म्हणून गेले होते. ज्याला ड्रायव्हर कमी पडतोय त्यानं स्टेपनी गाडी घेतली तर दारात एका ऐवजी दोन गाड्या उभ्या राहतील, एवढाच फरक.

गाडीमुळे बुडालेल्या दिवसांचेही दोन भाग करा. अचानक बंद पडली ते वेगळे, आणि सर्व्हिसिंग, ग्रीसिंग, पासिंग यांत गेलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारचे दिवस कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीला ढकलता येतात. नाशिकच्या एमआयडीसीत वीज कपातीच्या काळापासून सुट्टीचे वार ठरलेले आहेत, कुठल्या कारखान्याला कधी सुट्टी हे लोडिंगवाल्यांना पाठ असतं. तेवढं नीट लावलं तरी आकडा बराच खाली येतो.

उभी गाडी वर्षाला किती खाते?

‘हप्ता संपलाय, आता फुकटच उभी आहे’ हे वाक्य मी स्वतः दोन वर्षं बोलत होतो. हिशोब मांडल्यावर बंद केलं.

दहा-बारा वर्षं जुनी सहा चाकी धरा, एकूण वजन १६.२ टन. थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत १२ ते २० टनांच्या भाडोत्री मालवाहू गाडीला ३५,३१३ रुपये आहेत, कर वेगळा. गाडी फिरली काय, उभी राहिली काय, दर तोच. करासकट आणि ड्रायव्हर-क्लीनरच्या संरक्षणासह ३८,००० धरू. वाहन कर आणि पासिंगची तयारी, म्हणजे रंग, रिफ्लेक्टर, ब्रेकचं काम, एजंट, मिळून ४५,०००. जागेचं भाडं महिना २,००० म्हणजे २४,०००. बॅटरी, ऑइल, आठवड्याला फिरवायचं डिझेल, २०,०००. आणि जे कुणीच धरत नाही ते: आज विकली तर सहा लाख येतील, त्यांवर ८ टक्क्यांनी ४८,००० व्याज बुडालं. शिवाय वर्षभरात किंमत पन्नासेक हजारांनी उतरते.

बेरीज २,२५,०००. महिन्याला पावणेएकोणीस हजार, आणि गाडी एक किलोमीटरसुद्धा भाड्यानं गेलेली नाही.

मग बाजारातून गाडी घेणं स्वस्त नाही का?

याचं उत्तर एका भागाकारात आहे.

नाशिक-भिवंडी फेरीचे कंपनी मला १४,००० देते असं धरू. माझी गाडी गेली तर डिझेल, टोल आणि भत्ता मिळून ९,००० खिशातून जातात, ५,००० राहतात. गाडी बंद पडली आणि ऐनवेळी दलालाकडून घेतली तर तो १७,००० मागतो. म्हणजे मला ३,००० पदरचे घालावे लागतात. ५,००० मिळण्याऐवजी ३,००० गेले, फरक ८,००० चा. २,२५,००० ला ८,००० नं भागलं की २८ येतात.

वर्षात २८ पेक्षा जास्त वेळा ‘माल आहे, ड्रायव्हर आहे, गाडी नाही’ अशी वेळ येत असेल तर स्टेपनी गाडी पैसे वसूल करते. दहा-बारा वेळा येत असेल तर दलालाला तीन हजार जास्त द्या आणि शांत झोपा. चार गाड्यांच्या मालकाला २८ चा आकडा गाठायला प्रत्येक गाडी वर्षात सात दिवस अचानक बंद पडावी लागते. गाड्या सात-आठ वर्षांच्या आतल्या असतील तर एवढं सहसा होत नाही.

यात एक पाचर आहे. बाजारात गाडी मिळेलच हे गृहीत धरलंय. दिवाळीच्या आधीचा आठवडा, मार्चअखेर, द्राक्षं आणि उन्हाळ कांदा एकाच वेळी निघतो तो काळ, तेव्हा १७,००० देऊनही गाडी मिळत नाही. तुमचे बुडालेले दिवस याच काळात येत असतील तर ८,००० च्या जागी मोठा आकडा घाला.

ठेक्याचं काम असेल तर हिशोब बदलतो का?

पूर्ण बदलतो. खुल्या बाजारात माल भरणाऱ्याची एक फेरी गेली तर एक फेरी गेली, उद्या दुसरी. पण रोज सकाळी आठला गेटवर गाडी लागलीच पाहिजे असा करार असेल, तर एका चुकीचा दंड भाड्यापेक्षा मोठा असू शकतो. आणि दंडापेक्षा वाईट म्हणजे नूतनीकरणाच्या वेळी ‘तुमची गाडी तीनदा आली नाही’ हे वाक्य.

माझं तसंच झालं. स्टेपनी विकली त्याच वर्षी पावसाळ्यात कसारा घाटात एका गाडीचं हाऊसिंग (मागच्या अ‍ॅक्सलचं कवच) गेलं, दुसरी आधीच गॅरेजला होती. लागोपाठ दोन दिवस गेट रिकामं. कंपनीच्या माणसानं काहीच आवाज केला नाही. पुढच्या महिन्यापासून चारपैकी एक फेरी दुसऱ्या ट्रान्सपोर्टरला गेली, ती आजतागायत परत आलेली नाही. त्या एका फेरीची किंमत मी २८ च्या भागाकारात कुठे घालू? करार असलेल्यांनी म्हणूनच मिळकतीबरोबर ‘हा गिऱ्हाईक गेला तर काय’ हेही मांडावं. एकाच कंपनीवर निम्म्याहून जास्त धंदा असेल तर मी म्हणेन, ठेवा.

जुनी गाडी ठेवावी की सेकंडहँड घ्यावी?

तुमचीच जुनी, हप्ता संपलेली गाडी ठेवावी. तिची खोड तुम्हाला माहीत असते. स्टेपनीसाठी कर्ज काढून गाडी घेणं मला पटत नाही. उभ्या गाडीचा हप्ता चालत्या गाड्या भरतात आणि एका मंद हंगामात सगळ्याच अडकतात.

जुन्या गाडीच्या किमतीवर फार जीव लावू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या ट्रकवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा दाब जुन्या गाड्यांच्या भावावर पडतोच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीचं झालंय. आता ड्रायव्हर तुमच्या बारा वर्षांच्या गाडीत वैशाखात किती खुशीनं चढेल, तेही बघा.

दिल्लीला कांदा किंवा द्राक्षं पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. दिल्लीबाहेर नोंदलेल्या बीएस-३ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी मानक) आणि त्याआधीच्या मालवाहू गाड्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून तिथे प्रवेश बंद आहे आणि बीएस-४ ला फक्त ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची सवलत दिली गेली. दिल्लीच्या आझादपूर मंडईच्या फेरीसाठी स्टेपनी हवी असेल तर बीएस-६ शिवाय उपयोग नाही, आणि बीएस-६ गाडी उभी ठेवण्याइतकी स्वस्त अजून झालेली नाही.

कोणत्या बॉडीची ठेवू?

बाजारात जी सहज मिळत नाही, ती. उघडी सहा चाकी आडगाव नाक्यावर एका फोनवर मिळते. तिच्यासाठी स्टेपनी कशाला? तुमच्या चार गाड्यांत एकच बंद कंटेनर असेल आणि खोक्यांचा माल उघड्या गाडीत कंपनी भरू देत नसेल, तर स्टेपनी कंटेनरचीच हवी. कांदेवाल्याचं उलट: बंद बॉडीत कांदा वाफाळतो, त्याला हवेशीर उघडी गाडीच लागते.

लांबी आणि उंचीही जुळवा. दोन फूट आखूड गाडी गेटवर नेलीत तर सुपरवायझर परत पाठवतो आणि वाराईवाले (माल चढवणारे-उतरवणारे हमाल) रिकामे बसल्याचे पैसे मागतात. काही कंपन्या गाडीचं वयही बघतात, ते आधी विचारून घ्या.

उभ्या गाडीचे सगळे कागद चालू ठेवावेच लागतात?

पासिंग आणि विमा ठेवावाच लागतो, नाहीतर ती स्टेपनी राहत नाही. मालवाहू गाडीचं फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं आणि त्यानंतर दरवर्षी लागतं, म्हणजे स्टेपनीच्या वयाच्या गाडीला दरवर्षी. फिटनेस संपलं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे गाडीची नोंदणीच वैध मानली जात नाही. मग अपघात झाला की विमा कंपनी आधी तोच कागद मागते. पंधरा वर्षांवरच्या गाड्यांच्या फिटनेसची फी २०२२ पासून खूप वाढली आहे, तिथे पोचायच्या आत गाडी काढावी हे बरं.

खर्च वाचतो तो परमिटमध्ये. स्टेपनी राज्यातच फिरणार असेल तर नॅशनल परमिटची वर्षाची १६,५०० रुपयांची फी कशाला भरायची? राज्याचं परमिट पुरे.

फास्टॅग गाडीगणिक वेगळा असतो, एकीचा काढून दुसरीला लावता येत नाही. उभ्या गाडीचा टॅग केवायसीअभावी किंवा रिकाम्या खात्यामुळे बंद पडलेला असतो आणि ते घोटीच्या टोलवर कळतं. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या नियमानं तिथे रोख दिले तर दुप्पट, यूपीआयनं दिले तर सव्वापट. महिन्यातून एकदा शिल्लक बघायची सवय लावा.

लांब काळ, म्हणजे सबंध पावसाळा, गाडी बंदच ठेवणार असाल तर ती वापरात नसल्याची सूचना आरटीओला आधी द्या, म्हणजे त्या काळाचा कर वाचवता येतो. नंतर जाऊन ‘गाडी उभीच होती हो’ म्हणून काही होत नाही. पण सूचना दिल्यावर ती रस्त्यावर काढता येत नाही, म्हणजे त्या काळापुरती स्टेपनी नाही.

आयकरात काय फरक पडतो?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि इथेच फसतात. आपल्यातले बहुतेक जण वह्या न ठेवता ठोक उत्पन्न दाखवतात, १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ४४एई म्हणून ओळखली जाणारी तरतूद. तिच्यात १२ टनांपर्यंतच्या गाडीचं उत्पन्न महिन्याला ७,५०० रुपये धरतात आणि त्यावरच्या गाडीचं दर टनाला महिना १,००० रुपये.

मेख अशी की हे उत्पन्न गाडी मालकीची असलेल्या प्रत्येक महिन्यासाठी धरलं जातं. ती फिरली का, हे कुणी विचारत नाही. वरच्या १६.२ टनांच्या स्टेपनीचं वर्षाला १,९४,४०० रुपये उत्पन्न दाखवावं लागतं, एक रुपया भाडं न मिळवता! पूर्ण वह्या ठेवणाऱ्याला हा त्रास नाही, उलट घसाऱ्याचा फायदा मिळू शकतो. तुमच्या सीएकडून दोन्ही आकडे काढून घ्या.

दुसरी मेख दहा गाड्यांवाल्यांसाठी. ठोक उत्पन्नाची सवलत वर्षात कधीही दहापेक्षा जास्त गाड्या नसणाऱ्यालाच मिळते. पॅन आणि हमीपत्र दिलं की भाड्यातून टीडीएस कापत नाहीत, तीही मर्यादा दहाचीच. स्टेपनी ही अकरावी गाडी असेल, तर ती एकच गाडी दोन्ही सवलती घेऊन जाते.

वाटेत गाडी बंद पडली आणि माल स्टेपनीत भरला. ई-वे बिलाचं काय?

नवीन बिल काढायची गरज नाही. ई-वे बिल म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना; त्याच बिलाच्या पार्ट बी मध्ये, म्हणजे गाडीच्या तपशिलाच्या भागात, नव्या गाडीचा नंबर भरायचा, गाडी हलण्याआधी. जुन्या नंबरवर माल पकडला गेला तर खरं कारण सांगूनही रात्र तिथेच जाते. बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस असते. माल बदलण्यात मुदत संपत असेल तर संपण्याआधीचे आठ आणि नंतरचे आठ तास, एवढ्या खिडकीत वाढवून घेता येते. ज्याचा माल आहे त्यालाही नंबर कळवा, त्याच्या माल-विम्याला तो लागतो.

एक गाडी बंद असेल तर उरलेल्यांवर थोडा जास्त माल टाकून भागत नाही?

नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००, आणि जादा माल तिथेच उतरवायला लावतात. जुलै २०१८ मध्ये सहा चाकीची मर्यादा १६.२ वरून १८.५ टनांवर गेली खरी, पण तुमच्या आरसी बुकात जे वजन लिहिलंय तेच तुमचं.

स्टेपनी चालवणार कोण?

गाडी बंद पडली की तिचा ड्रायव्हर मोकळा असतो, तोच चालवणार, असं कागदावर दिसतं. प्रत्यक्षात तो बिघडलेल्या गाडीजवळ घाटात बसलेला असतो, मिस्त्रीची वाट बघत, कारण गाडी सोडली तर सकाळी तिच्यात डिझेल राहत नाही. म्हणून एक बदली ड्रायव्हर हाताशी लागतोच. मी निवृत्त झालेल्या एका एसटी ड्रायव्हरना धरलंय. महिन्याला ठरलेली थोडी रक्कम देतो आणि फेरी केली की वेगळा भत्ता. घाई नाही, ओव्हरटेक नाही, क्लच दुप्पट टिकतो.

तुमचा धंदा पिकअप आणि छोट्या आयशरचा असेल तर हा प्रश्न हलका झालाय. ७,५०० किलोंपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ६ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट केलं. घरचा मुलगा किंवा पुतण्याही अडीअडचणीला गाडी काढू शकतो.

उभ्या गाडीची निगा कशी राखायची?

आठवड्यातून एकदा पंचवीस-तीस किलोमीटर फिरवा, इंजिन नीट तापेपर्यंत. नुसती जागेवर सुरू करून दहा मिनिटं धूर काढण्यानं बॅटरी भरत नाही आणि ब्रेकही मोकळे होत नाहीत. डिझेलची टाकी भरलेली ठेवा, अर्ध्या टाकीत पावसाळ्यात पाणी धरतं. हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवू नका, चाकांना ओंडके लावा. बीएस-६ असेल तर युरिया (धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरतात तो द्रव) जुना होऊ देऊ नका, नोझलवर खडे धरतात. उंदीर सगळ्यात महाग: एकदा वायरिंगचा गुच्छा कुरतडला आणि मिस्त्रीनं तीन दिवस गाडी उघडी ठेवली.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी वय बघा, उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, कडक होऊन फुटतात.

दसऱ्याला मात्र तिलाही हार घालायला विसरू नका. आमच्याकडे क्लीनर पोरं चारच हार आणतात.

उभी ठेवण्यापेक्षा स्थानिक कामाला लावली तर?

मी आता तेच करतो. सिन्नरपर्यंतची, संध्याकाळी घरी येणारी अर्ध्या दिवसाची कामं. विमा आणि पासिंगचा खर्च त्यातून निघतो आणि गाडीही तंदुरुस्त राहते. अट एकच: तिच्यासाठी नियमित गिऱ्हाईक बांधायचं नाही. ‘रोज सकाळी येईन’ असा शब्द दिला की ती स्टेपनी राहिली नाही, पाचवी गाडी झाली, आणि तुम्ही पुन्हा सहावीचा विचार करायला मोकळे.

दोन-तीन मालकांनी मिळून एक ठेवली तर?

कल्पना छान, पण आरसी, परमिट आणि विमा एकाच्याच नावावर असतो आणि हंगामात तिघांनाही ती एकाच दिवशी हवी असते. त्यापेक्षा एकमेकांच्या गाड्या वापरायचं आधीच ठरवा: कोणत्या मार्गाला किती रुपये, पैसे किती दिवसांत, नुकसान कुणाचं. कागदावर लिहा, भाऊबंदकी वाचते. दुसऱ्याच्या गाडीत माल गेला तरी गिऱ्हाईकाला जबाबदार तुम्हीच, कारण बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, तुमच्या नावाची आहे.

ठेवलेली स्टेपनी कधी काढावी?

पुढच्या पासिंगच्या दोन महिने आधी वही उघडा. गेल्या बारा महिन्यांत तिनं किती वेळा खरोखर दुसऱ्या गाडीची जागा घेतली ते मोजा, सिन्नरच्या फेऱ्या सोडून. माझ्या गेल्या वर्षीच्या वहीत एकोणीस आलेत. २८ पेक्षा कमीच, पण त्यांतले अकरा दिवस कराराच्या गेटचे आहेत, म्हणून या वर्षी पासिंगला लावतोय. रंगाचं काम सोमवारपासून आहे.